कॉम्प्लेक्स ॲनालिसिस : उत्तरे येतात, पण प्रमेये खरी का, ते उमगत नाही

पैलतीर (धागाकर्ता)

मी एमएस्सी गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. या सत्रात कॉम्प्लेक्स ॲनालिसिसचा (संमिश्र चलाच्या फलनांच्या अभ्यासाचा) पेपर आहे आणि गुणांपुरते पाहिले तर तो मला जड गेलेला नाही. कॉन्टूरच्या, म्हणजे प्रतलातल्या बंद वाटेच्या, आत कोणते पोल (फलन जिथे अनंताकडे जाते ते बिंदू) येतात ते पाहायचे, प्रत्येकाचा रेसिड्यू (पोलाभोवतीच्या श्रेणीतला १ भागिले झेड उणे पोल या पदाचा गुणक) काढायचा, बेरजेला २ पाय आयने गुणायचे (पाय म्हणजे ३.१४ ही वर्तुळाची संख्या, आय म्हणजे उणे १ चे वर्गमूळ), की ज्या समाकलांपुढे बीएस्सीत आम्ही हात टेकले होते ते चार ओळींत सुटतात. अडचण अशी आहे की हे सारे मंत्र म्हटल्यासारखे चालले आहे. सिद्धता मला पाठ आहेत, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवरून निघते हेही दिसते, पण शेवटची ओळ लिहून झाल्यावर हे असेच का असावे याचे उत्तर माझ्यापाशी नसते.

नेमके विचारायचे तर पहिला प्रश्न असा. वास्तव रेषेवर क्ष गुणिले क्षचे निरपेक्ष मूल्य हे फलन सर्वत्र अवकलनीय आहे, पण त्याचा अवकलज शून्यापाशी पुन्हा अवकलनीय नाही. संमिश्र प्रतलात मात्र एखाद्या खुल्या संचावर फलन एकदा अवकलनीय असले की ते अनंत वेळा अवकलनीय असते, प्रत्येक बिंदूभोवती त्याची घातश्रेणी असते आणि ती श्रेणी त्या फलनाकडेच अभिसरते. दोन्हीकडे अवकलजाची व्याख्या अक्षरशः एकच आहे. मग एवढा फरक येतो कुठून? दुसरा प्रश्न लॉगॅरिदमचा. शून्य वगळलेल्या प्रतलात १ भागिले झेड हे फलन कुठेही बिघडत नाही, तरी त्याचा प्रतिअवकलज तिथे मिळत नाही, आणि ‘ब्रँच कट घ्या’ एवढे सांगून वर्ग पुढे सरकला. तिसरा प्रश्न तयारीचा आहे. माझे रिअल ॲनालिसिस कच्चे आहे. ते आधी पुरे करावे, की दोन्ही बरोबरीने चालवता येते?

पुस्तकांची नावे कृपया नकोत, ती बरीच साठली आहेत. ज्यांनी हा विषय शिकवला किंवा कामात वापरला त्यांनी तो स्वतःला कसा पटवला, ते वाचायचे आहे.

खडूफळा

मी पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना हा विषय बरीच वर्षे शिकवला आहे. येथे सूत्रे टंकित करणे गैरसोयीचे असल्यामुळे शब्दांतच लिहितो.

व्याख्या अक्षरशः एकच आहे हे खरे, पण तिच्यातला भागाकार वेगळा आहे. पुस्तकांत सहसा असे लिहिलेले असते की वास्तव रेषेवर बिंदूकडे दोनच बाजूंनी जाता येते, प्रतलात मात्र दिशा अगणित आहेत, आणि त्या सर्व दिशांनी सीमा एकच यावी ही अट फार कडक आहे. एवढ्यावर समाधान मानू नका, कारण दोन वास्तव चलांच्या फलनांतही दिशा अगणितच असतात आणि तिथे असे काही घडत नाही. खरी गोम संमिश्र गुणाकारात आहे.

प्रतलातून प्रतलात जाणारे एखादे फलन दोन वास्तव चलांच्या अर्थाने अवकलनीय असेल, तर दिलेल्या बिंदूच्या अगदी जवळ ते एका रेषीय रूपांतरणासारखे वागते. त्या रूपांतरणाच्या सारणीत चार संख्या असतात आणि चारही एकमेकींपासून मोकळ्या असतात. त्यामुळे ते एका दिशेला ताणू शकते, दुसऱ्या दिशेला दाबू शकते, चौरसाचा तिरका समांतरभुज करू शकते किंवा सारे चित्र उलटवू शकते. संमिश्र अर्थाने अवकलनीय असणे म्हणजे हे रेषीय रूपांतरण एका संमिश्र संख्येने गुणण्याइतकेच असणे. संमिश्र संख्येने गुणले की काय होते? तिच्या निरपेक्ष मूल्याच्या पटीने सर्व दिशांना सारखेच ताणले जाते आणि तिच्या कोनातून सारे फिरते. याहून दुसरे काहीच होत नाही. म्हणजे सारणीतल्या चार संख्यांपैकी दोनच मोकळ्या उरतात आणि बाकीच्या दोन त्यांच्यावरून ठरतात. ही दोन बंधने म्हणजेच कोशी–रीमान समीकरणे; ती दोनच का आहेत, आणि त्यांतल्या एकीत उणे चिन्ह का येते, ते या सारणीत पाहिले की पाठ करावे लागत नाही.

कॉन्जुगेट घेणारे, म्हणजे काल्पनिक भागाचे चिन्ह पालटणारे, फलन या दृष्टीने पाहा. वास्तव चलांच्या भाषेत त्याच्याइतके सालस फलन दुसरे नसेल, कारण ते स्वतःच रेषीय आहे. परंतु ते प्रतल उलटवते, आणि कोणताही संमिश्र गुणाकार प्रतल उलटवत नसल्यामुळे ते एकाही बिंदूपाशी संमिश्र अर्थाने अवकलनीय नाही. झेडच्या निरपेक्ष मूल्याचा वर्ग हे दुसरे उदाहरण. ते फक्त शून्यापाशी अवकलनीय आहे, आणि एका सुट्या बिंदूपाशी मिळालेल्या या गुणाचा उपयोग काहीच नाही. ‘खुल्या संचावर’ हे शब्द प्रमेयात शोभेसाठी नसतात.

माझ्या वर्गात मी एक काम हमखास देत असे, ते तुम्हीही करा. आलेख कागदावर उभ्या आणि आडव्या रेषांची जाळी काढा आणि झेडचा वर्ग या फलनाने तिचे काय होते ते हाताने काढा. अक्ष सोडले तर दोन्ही प्रकारच्या रेषांचे पॅराबोला होतात आणि ते एकमेकांना काटकोनातच छेदतात. शून्यापाशी मात्र कोन दुप्पट होतो, कारण तिथे अवकलज शून्य आहे. संगणकावर हे चित्र क्षणात मिळते, पण हाताने काढलेल्या जाळीत काटकोन आपल्याच पेन्सिलीखाली तयार होताना दिसतात, म्हणून माझा आग्रह हाताचा आहे.

वीजवाहक

मी गणिताचा नाही, विद्युत अभियांत्रिकीचा आहे, तरी एक गोष्ट मांडतो. कोशी–रीमान समीकरणे एकमेकांत घातली की फलनाचा वास्तव भाग आणि काल्पनिक भाग हे दोन्ही लाप्लासचे समीकरण पाळतात असे दिसते. ज्या धातूच्या पत्र्याच्या कडा ठरावीक तापमानाला धरून ठेवल्या आहेत आणि ज्यातली उष्णता आता स्थिरावली आहे, त्याच्या आतले तापमान हेच समीकरण पाळते. अशा पत्र्यावर कोणत्याही वर्तुळाच्या केंद्राशी असणारे तापमान हे परिघावरच्या तापमानांची सरासरी असते. म्हणून आत कुठे एकटे उंच शिखर येऊ शकत नाही, कुठे टोकदार कोपराही येऊ शकत नाही, आणि कडेवरचे तापमान कळले की आतले सर्व ठरून जाते. ‘एकदा अवकलनीय असेल तर अनंत वेळा’ हे प्रमेय मला तरी असेच पटले: ज्याची प्रत्येक किंमत आजूबाजूच्या किमतींची सरासरी आहे, त्यात खडबडीतपणा शिल्लक राहणारच नाही.

परिघ

वीजवाहक यांचे चित्र सुंदर आहे आणि मीही ते विद्यार्थ्यांना सांगतो, पण सिद्धता म्हणून ते वापरायला गेल्यास वर्तुळाकार युक्तिवाद होतो. लाप्लासचे समीकरण लिहिण्यासाठी दुसऱ्या क्रमाचे अवकलज लागतात, आणि ते असतात का हाच तर पैलतीर यांचा प्रश्न आहे. आपल्या हाती केवळ एवढेच आहे की पहिला अवकलज अस्तित्वात आहे; तो संतत आहे की नाही हेही ठाऊक नाही. इथून पुढे जाण्याचा नेहमीचा मार्ग समाकलातून जातो, आणि माझ्या मते हा विषय जिथे खऱ्या अर्थाने सुरू होतो ती जागा ही आहे.

बंद वाटेवरून समाकल शून्य येतो, हे गाउसने १८११ मध्ये बेसेलला लिहिलेल्या पत्रात नोंदवले होते, पण प्रसिद्ध केले नाही. कोशीने काल्पनिक मर्यादांमधल्या समाकलांवरचा आपला निबंध १८२५ मध्ये काढला. त्याच्या मांडणीत अवकलज संतत असल्याचे गृहीत होते. ते गृहीतक अनावश्यक आहे, हे गूर्साने १९०० मध्ये दाखवले, आणि ही सिद्धता पाठ करण्यापेक्षा एकदा संथपणे जगून पाहावी अशी आहे. त्रिकोण घ्या आणि बाजूंचे मध्य जोडून त्याचे चार त्रिकोण करा. मोठ्या त्रिकोणावरचा समाकल हा चार छोट्यांवरच्या समाकलांची बेरीज असतो, कारण आतल्या बाजू दोनदा, उलटसुलट दिशांनी, चालल्या जातात आणि कटतात. मग चौघांपैकी निदान एकावर तरी एकूण समाकलाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक शिल्लक असलाच पाहिजे. त्याचे पुन्हा चार करा, आणि असेच करत राहा. हे त्रिकोण एकात एक जात शेवटी एका बिंदूवर येऊन थांबतात, आणि त्या बिंदूपाशी फलन अवकलनीय आहे. म्हणजे तिथे फलन बरोबर एका रेषीय फलनाइतके अधिक एक चूक, आणि ती चूक अंतराच्या मानाने हवी तितकी लहान. रेषीय भागाला प्रतिअवकलज आहे, म्हणून त्याचा समाकल शून्य. उरली चूक. दर पायरीला अंतर निम्मे होते, परिमितीही निम्मी होते, म्हणजे चुकीचा समाकल चौथाईच्या वेगाने घटतोच आणि वर ‘हवा तितका लहान’ हा गुणक आहे. एका बाजूने समाकल चौथाईपेक्षा वेगाने घटू शकत नाही, दुसऱ्या बाजूने तो चौथाईपेक्षा वेगानेच घटतो. मूळ समाकल शून्य असल्यावाचून हे जुळत नाही.

पहिला अवकलज सर्वत्र असण्याचा जो काही उपयोग करायचा होता तो इथे झाला. तो बिंदू आधी कुठे सापडेल हे माहीत नसते, म्हणून अवकलज प्रत्येक बिंदूपाशी असावा लागतो. आणि चूक किती लहान आहे हे त्या एकाच बिंदूपाशी विचारायचे असते, म्हणून अवकलजाची संततता लागत नाही.

यानंतर कोशीचे समाकल-सूत्र येते. वर्तुळाच्या आतल्या कोणत्याही बिंदूपाशी फलनाची किंमत ही परिघावरच्या किमतींना झेड उणे तो बिंदू याने भागून, समाकल घेऊन, २ पाय आयने भागले की मिळते. या सूत्रात आतला बिंदू कुठे बसला आहे ते पाहा. तो फलनाच्या पोटात नाही, छेदातल्या साध्या राशीत आहे. त्या बिंदूच्या संदर्भात अवकलन करायचे तर फलनाला हात लावावाच लागत नाही. छेदाचे अवकलन करायचे, आणि ते हवे तितक्या वेळा होते. छेदाचा भूमितीय श्रेणीत विस्तार केला की घातश्रेणीही तिथेच मिळते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने या एका निरीक्षणात आहे. खडूफळा सरांनी सांगितलेला फिरवण्या-ताणण्याचा नियम समाकल शून्य करतो, आणि समाकल शून्य झाल्यामुळे फलनाचा सारा भार एका परिमेय राशीवर टाकता येतो.

पैलतीर

सर्वांचे आभार. छेदाच्या अवकलनाची गोष्ट मी परीक्षेसाठी अनेकदा लिहिली होती, पण फलन बाहेर राहते या अंगाने तिच्याकडे पाहिले नव्हते.

यातून एक शंका निघते. वास्तव रेषेवर ईचा घात उणे १ भागिले क्ष वर्ग हे फलन (शून्यापाशी किंमत शून्य) अनंत वेळा अवकलनीय आहे आणि शून्यापाशी त्याचे सर्व अवकलज शून्य आहेत. म्हणजे त्याची टेलर श्रेणी शून्य आहे, फलन मात्र शून्य नाही. उलट १ भागिले १ अधिक क्ष वर्ग हे फलन वास्तव रेषेवर कुठेही अडत नाही, तरी त्याची श्रेणी उणे १ ते १ यांच्या बाहेर चालत नाही. सूत्रापुरते मला हे माहीत आहे. पण या दोहोंचे कारण एकच आहे का?

खडूफळा

कारण एकच आहे, आणि ते वास्तव रेषेवर उभे राहून दिसत नाही.

१ भागिले १ अधिक झेड वर्ग हे फलन आय आणि उणे आय या दोन बिंदूंपाशी अनंताकडे जाते. घातश्रेणी केंद्राभोवतीच्या वर्तुळातच अभिसरते आणि ते वर्तुळ जवळच्या अडथळ्यापर्यंत वाढते. शून्यापासून हे दोन्ही बिंदू १ अंतरावर आहेत, म्हणून अभिसरण त्रिज्या १. हीच श्रेणी १ या बिंदूभोवती मांडा; त्रिज्या २ चे वर्गमूळ येईल. ३ या बिंदूभोवती मांडा. १० चे वर्गमूळ येईल. श्रेणीचे गुणक काढायची गरज नाही, नुसते पायथागोरसचे प्रमेय पुरते.

दुसऱ्या फलनात शून्याकडे काल्पनिक अक्षावरून या. तिथे झेडचा वर्ग ऋण असल्यामुळे घातांकाचे चिन्ह पालटते आणि जे फलन वास्तव बाजूने इतक्या निमूटपणे शून्यावर उतरत होते ते या बाजूने अनंताकडे झेपावते. तिरक्या वाटांनी याल तर ते गरगर फिरत राहते. ही इसेन्शियल सिंग्युलॅरिटी. पिकारने १८७९ मध्ये सिद्ध केले की अशा बिंदूच्या कितीही लहान परिसरात फलन, फार तर एक संख्या सोडून, प्रत्येक संमिश्र किंमत अनंत वेळा घेते. या फलनाच्या बाबतीत ती सुटलेली संख्या शून्य आहे. वास्तव रेषेवर जे फलन शून्याला सर्वाधिक चिकटून बसलेले दिसते, ते प्रतलात शून्य ही एकच किंमत घेत नाही, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते.

आडवाट

चर्चा उद्बोधक आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. सूत्रांनी उत्तरे येत असतील तर इतकी चिकित्सा प्रत्येकाने करावीच का? रामानुजन यांना हा विषय पद्धतशीर शिकायला मिळाला नव्हता, आणि तरीही त्यांनी जे केले ते ठाऊकच आहे.

परिघ

उदाहरण चांगले निवडलेत, कारण ते उलट बाजूनेही बोलते. १९१३ च्या जानेवारीत इंग्रज गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रात रामानुजन यांनी मूळ संख्यांच्या मोजणीविषयी काही दावे केले होते आणि ते जसेच्या तसे खरे नव्हते. हार्डी यांनी पुढे स्पष्ट लिहिले की या विषयातले रामानुजन यांचे काम संमिश्र चलाच्या फलनांचे ज्ञान नसल्यामुळे फसले. झीटा फलनाचे वास्तव रेषेबाहेरचे शून्यबिंदू मूळ संख्यांच्या मोजणीत चढउतार घडवतात, हे रीमानने १८५९ मध्ये ओळखले होते, आणि आदामार व द ला व्हाले पूसाँ यांनी १८९६ मध्ये मूळ संख्यांचे प्रमेय सिद्ध केले तेही त्याच वाटेने. ज्याची नजर वास्तव रेषेपलीकडे जात नाही त्याला हे शून्यबिंदू दिसणे शक्यच नव्हते, मग प्रतिभा कितीही मोठी असो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. इंग्लंडला गेल्यावर हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे लिहिता येते याचे सूत्र दिले. या प्रकारांच्या संख्या एका घातश्रेणीचे गुणक असतात, गुणक मिळवण्यासाठी कोशीचे समाकल-सूत्र लागते, आणि एकक वर्तुळाच्या आतून, त्याच्या अगदी लगत चालत, कोणत्या बिंदूंपाशी फलन सर्वाधिक फुगते ते पाहिले की उत्तर मिळते. २०० या संख्येसाठी हे प्रकार ३९,७२,९९,९०,२९,३८८ आहेत आणि त्यांच्या सूत्राच्या मोजक्या पदांनी ही संख्या नेमकी पकडता आली. तेव्हा सूत्रांची अंतर्दृष्टी आणि कॉन्टूरची शिस्त यांत भांडण लावण्याचे कारण नाही.

गोदाकाठ

लॉगॅरिदमचा प्रश्न मागे पडला आहे, त्यावर लिहितो.

एखाद्या संमिश्र संख्येचा लॉगॅरिदम म्हणजे तिच्या निरपेक्ष मूल्याचा वास्तव लॉगॅरिदम अधिक आय गुणिले तिचा कोन. गडबड सारी कोनाची आहे. १ या बिंदूपासून कोन शून्य धरून निघा आणि मूळबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने एक फेरी मारून परत १ वर या. वाटेत कोन कुठेही उडी न मारता संथपणे वाढत गेला, आणि परत आलात तेव्हा तो २ पाय झालेला आहे. बिंदू तोच, कोन वेगळा. म्हणून शून्य वगळलेल्या प्रतलात कोन एकाच वेळी सर्वत्र संतत आणि एकमूल्य ठेवता येत नाही. १ भागिले झेडचा एकक वर्तुळावरचा समाकल २ पाय आय येतो तो हाच फरक आहे, आणि प्रतिअवकलज असता तर बंद वाटेवर समाकल शून्य यायला हवा होता. फलन कुठे बिघडले, असे तुम्ही विचारले होते. फलन बिघडलेले नाही; प्रदेशाला भोक आहे आणि त्या भोकाभोवती फिरता येते. गूर्साची सिद्धताही इथे अडत नाही, कारण ती पूर्ण भरलेल्या त्रिकोणाविषयी बोलते आणि मूळबिंदूला वेढणारा त्रिकोण या प्रदेशात पूर्ण भरलेला नसतो.

ब्रँच कट म्हणजे फेरी पूर्ण होऊ न देण्याची व्यवस्था. मूळबिंदूपासून अनंतापर्यंत जाणारी एक रेघ काढून टाकली की भोकाभोवती फिरण्याची वाटच राहत नाही. ती रेघ ऋण अक्षावर घ्यायची की धन अक्षावर, सरळ घ्यायची की नागमोडी, हे आपल्या सोयीवर आहे. फलनाला त्याचे सोयरसुतक नाही. मात्र एकदा निवड केली की त्या उदाहरणात शेवटपर्यंत तीच पाळावी लागते. दोन संख्यांच्या गुणाकाराचा लॉगॅरिदम हा त्यांच्या लॉगॅरिदमांची बेरीज असतो, हा शाळेतला नियमही मग डोळे मिटून वापरता येत नाही: ऋण अक्षावर रेघ घेणाऱ्या नेहमीच्या ब्रँचमध्ये उणे १ चा लॉगॅरिदम पाय आय आहे, पण उणे १ चा वर्ग १ आहे आणि १ चा लॉगॅरिदम शून्य आहे.

रीमानने रेघ मारून तोडण्याऐवजी पृष्ठभागच वाढवला. वर्गमूळासाठी प्रतलाच्या दोन प्रती घेऊन त्या रेघेवर उलटसुलट जोडायच्या, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर आपण मूळ जागी येतो. लॉगॅरिदमसाठी अशा अनंत प्रती लागतात. १८५१ च्या गटिंगेनमधल्या त्याच्या प्रबंधात ही कल्पना आहे. पुढे तिचा संबंध बैजिक वक्रांशी, म्हणजे बहुपदी समीकरणांनी ठरणाऱ्या वक्रांशी, जुळला, आणि पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन करणाऱ्या श्रीराम अभ्यंकर यांचे क्षेत्र ते बैजिक वक्रांचे आणि पृष्ठांचेच होते. हा फाटा मोठा आहे. इथे केवळ निर्देश करतो.

अभ्यासिका

मी नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या तयारीत आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते. रिअल ॲनालिसिस पूर्ण करून मग इकडे यायचे ठरवले तर सत्र संपेल. या विषयाला रोज लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: संहत संचावर संतत फलन मर्यादित असते आणि आपली कमाल किंमत गाठते, एकसमान अभिसरण असेल तर सीमा आणि समाकल यांची अदलाबदल करता येते, आणि घातश्रेणी तिच्या वर्तुळाच्या आत पदशः अवकलित करता येते. लेबेग समाकल, बाउंडेड व्हेरिएशन वगैरे आता बाजूला ठेवले तरी चालते. एकसमान अभिसरण मात्र पक्के हवेच, नाहीतर समाकल-सूत्रातून श्रेणी काढतानाची ती एक ओळ कायम हवेत तरंगत राहते.

नेटमध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारे जे प्रश्न येतात त्यांत रेसिड्यूची आकडेमोड कमी आणि कडकपणाची पारख जास्त असते; कडकपणा म्हणजे एका बिंदूकडे साचत जाणाऱ्या बिंदूंवरच्या किमतींवरूनच सारे फलन ठरून जाणे. नमुना म्हणून असा प्रश्न घ्या: शून्याभोवती असे ॲनालिटिक (संमिश्र अर्थाने अवकलनीय) फलन आहे का, की जे प्रत्येक धन पूर्णांक ‘न’साठी १ भागिले ‘न’ या बिंदूपाशी उणे १ चा ‘न’वा घात भागिले ‘न’चा वर्ग ही किंमत घेते? सम ‘न’वर ते झेडच्या वर्गाशी जुळते आणि असे बिंदू शून्याकडे साचत जातात, म्हणून ते सर्वत्र झेडचा वर्गच असले पाहिजे. विषम ‘न’वर त्याच तर्काने ते उणे झेडचा वर्ग असले पाहिजे. तेव्हा असे फलन नाही. यात सूत्र एकही नाही, पण ज्याला वरची चर्चा पटली आहे त्याला उत्तर दिसायला वेळ लागत नाही.

आडवाट

मान्य. तरीही परीक्षेत गुण समाकलांनाच असतात. समजून घेतल्याने आकडेमोडीत काही फरक पडतो, असे एखादे उदाहरण मिळेल का?

खडूफळा

दोन देतो.

पहिले: कोसाइन क्ष भागिले १ अधिक क्ष वर्ग, उणे अनंतापासून अनंतापर्यंत. यंत्रवत करणारा विद्यार्थी क्षच्या जागी झेड ठेवतो, वरच्या अर्धवर्तुळातला आय हा पोल घेतो, रेसिड्यू काढतो आणि पाय गुणिले कोसाइन आय, म्हणजे सुमारे ४.८५ हे उत्तर लिहितो. आकडेमोड निर्दोष आहे. पण कोसाइनची किंमत वास्तव रेषेवर १ च्या पुढे जात नाही, आणि कोसाइन काढून टाकल्यावर उरणारा समाकल पाय, म्हणजे ३.१४ आहे; तेव्हा उत्तर त्याहून मोठे असणे शक्यच नाही. बिनसले ते अर्धवर्तुळाच्या कमानीवर. काल्पनिक दिशेला कोसाइन घातांकी वेगाने वाढतो, कमानीवरचा समाकल शून्याकडे जात नाही, आणि ‘त्रिज्या अनंताकडे नेता’ हे शब्द सवयीने लिहिले गेले. म्हणून कोसाइनऐवजी ईचा घात आय झेड घ्यायचा, कारण त्याचे निरपेक्ष मूल्य वरच्या अर्ध्या प्रतलात १ च्या आत राहते, आणि शेवटी वास्तव भाग घ्यायचा. उत्तर पाय भागिले ई, सुमारे १.१६. समाकल खालच्या अर्ध्या प्रतलातून काढायचा झाला तर घातांकाचे चिन्ह कोणते हवे, हे ज्याला न विचारता सांगता येते त्याला ही पद्धत आली असे मी समजतो.

दुसरे उदाहरण गोदाकाठ यांच्या प्रतिसादाला जोडून आहे: क्षचे वर्गमूळ भागिले १ अधिक क्ष वर्ग, शून्यापासून अनंतापर्यंत. येथे रेघ धन अक्षावर घ्या आणि कोन शून्यापासून २ पायपर्यंत मोजा. रेघेच्या वरच्या कडेने बाहेर जा, मोठ्या वर्तुळावरून फिरा, खालच्या कडेने परत या आणि शून्याभोवती लहान वर्तुळ काढून वाट बंद करा. दोन्ही वर्तुळांवरचे समाकल शून्याकडे जातात, ते तपासा. खालच्या कडेवर वर्गमूळाचे चिन्ह पालटलेले असते आणि चालण्याची दिशाही पालटलेली असते, म्हणून दोन्ही कडा मिळून हवा असलेला समाकल दुप्पट होऊन मिळतो. आता आय आणि उणे आय या दोन्ही पोलांवरचे रेसिड्यू घ्या. उणे आयचा कोन इथे उणे अर्धा पाय नाही, दीड पाय आहे. तो तसा घेतला तर समाकल पाय भागिले २ चे वर्गमूळ येतो, सुमारे २.२२. नेहमीच्या सवयीने उणे अर्धा पाय घेतला तर उत्तर शुद्ध काल्पनिक येते, आणि धन फलनाचा वास्तव समाकल काल्पनिक येऊ शकत नाही.

पडताळा हवा असेल तर क्षच्या जागी दुसऱ्या चलाचा वर्ग ठेवा, म्हणजे वर्गमूळ नाहीसे होते आणि छेदात चौथा घात येतो. तो समाकल वरच्या अर्धवर्तुळातल्या दोन पोलांवरून, ब्रँच कट न घेता काढता येतो. पैलतीर, तो तुम्ही करून इथे लिहा. रेसिड्यू काढताना छेदाच्या अवकलजातला घन तसाच ठेवू नका, पोलाचा चौथा घात उणे १ आहे हे वापरा, म्हणजे दोन ओळींत संपेल.